फोडणीतली मोहरी आणि प्रयोगशाळेतले जनुक

जनुकबदल पिकांचे अन्न खाण्यास सुरक्षित आहे की नाही, हा वाद आता शास्त्रज्ञांपुरता उरलेला नाही. तो आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ठेपला आहे. ही सुरक्षितता तपासतात तरी कशी? आणि त्या तपासणीवर आपण कितपत विश्वास ठेवावा?

थंडीच्या दिवसांतली संध्याकाळ. दिल्लीच्या आर. के. पुरममधील सरकारी क्वार्टर्सच्या रांगांतून फोडणीचे वास येऊ लागतात. तळमजल्यावरच्या पंजाबी घरात मोहरीचे तेल धूर निघेपर्यंत तापवले जाते आणि शेजारच्या शेगडीवर मोहरीच्या पाल्याचा 'साग' रटरटत असतो. वरच्या मजल्यावरचे कुटुंब मराठी. तिथे शेंगदाण्याच्या तेलात चिमूटभर मोहरी तडतडते आणि मग पोह्यांवर कोथिंबीर पडते. एका घरात तेल, दुसऱ्या घरात दाणा, पण पीक एकच!

अशाच एका मराठी घरी आम्ही चहाला बसलो होतो. शेजारच्या ब्लॉकमधली नवी सून वाटीभर मोहरी उसनी घेण्यासाठी आली. डब्याकडे पाहत ती म्हणाली, "काकू, ती जनुक बदललेली मोहरी म्हणतात, ती हीच तर नाही ना?"

"अगं, चाळीस वर्षं झाली मला दिल्लीत मोहरी निवडायला," काकू हसून म्हणाल्या, "खडे ओळखता येतात मला. जनुक कसं ओळखू?"

काकूंचे म्हणणे अगदी खरे आहे. दाण्याकडे पाहून जनुक ओळखता येत नाही. म्हणूनच ते ओळखण्याची, तपासण्याची आणि आपल्याला सांगण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी येते. सगळा प्रश्न या 'दुसऱ्या कोणा'चा आहे. सुनेच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ आहे: ती मोहरी भारतात बाजारात विक्रीसाठी आलेली नाही.

जवळच जन्मलेली मोहरी

गंमत म्हणजे ज्या मोहरीची एवढी चर्चा झाली, तिचा जन्म या क्वार्टर्सपासून अवघ्या काही किलोमीटरवरचा. धौला कुआँजवळ बेनिटो जुआरेज मार्गावर दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आहे. तेथे प्रा. दीपक पेंटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून 'डीएमएच-११' हे संकरित वाण तयार केले. त्यासाठी पैसा आला तो सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडून. म्हणजे ही परदेशी कंपनीची नव्हे, तर सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली मोहरी.

तिची गरज का भासली? मोहरीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. बहुतेक वेळा फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे दोन वाणांचा संकर मोठ्या प्रमाणावर करणे कठीण जाते. शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जीवाणूचे 'बार्नेज' नावाचे जनुक 'वरुणा' या देशी वाणात घातले. हे जनुक परागांचे पोषण करणाऱ्या पेशी नष्ट करते, त्यामुळे त्या झाडाला पराग धरतच नाही. दुसऱ्या वाणात 'बारस्टार' नावाचे जनुक घातले. ते बार्नेजचा प्रभाव मोडते. दोघांच्या संकरातून निघालेल्या बियाण्याला शेतकऱ्याच्या शेतात पुन्हा नेहमीसारखे पराग येतात, शेंगा धरतात. यांच्या जोडीला 'बार' नावाचे तिसरे जनुक आहे. त्यामुळे झाड ग्लुफोसिनेट या तणनाशकाला दाद देत नाही. बियाणे तयार करताना नको असलेली रोपे काढून टाकण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

या वाणामुळे उत्पादन वरुणापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी वाढते, असा त्याच्या निर्मात्यांचा दावा आहे. तुलनेसाठी निवडलेले वाण जुने होते, असा टीकाकारांचा आक्षेप. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. त्यामुळे उत्पादनवाढीचा मुद्दा हलका नाही. पण गृहिणीचा प्रश्न उत्पादनाचा नाही. तिचा प्रश्न आहे, 'हे माझ्या मुलांच्या पोटात गेले तर?'

तपासणी होते कशी?

जगभर या तपासणीची दिशा साधारण एकच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या कोडेक्स आयोगाने २००३ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००८ मध्ये त्याच धर्तीवर नियमावली केली. तिच्यात मुख्यतः चार गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली, नवे जनुक कोठून आले, पिकात नेमके कोठे बसले आणि त्यामुळे कोणते नवे प्रथिन तयार होते. दुसरी, जुने आणि नवे पीक शेजारी शेजारी ठेवून केलेली तुलना. प्रथिने, स्निग्धांश, जीवनसत्त्वे आणि पिकात मुळातच असणारी विषारी द्रव्ये यांचे प्रमाण बदलले का, हे त्यात पाहतात. तिसरी, ॲलर्जीची शक्यता. नव्या प्रथिनाची रचना माहीत असलेल्या ॲलर्जीकारक प्रथिनांशी जुळते का, जठरातल्या पाचकरसात ते चटकन विरघळते का, शिजवल्यावर टिकते का, हे प्रयोगशाळेत तपासतात. चौथी, प्राण्यांना ते खाऊ घालून केलेले प्रयोग. उंदरांवर ते सामान्यतः ९० दिवस चालतात.

हे सारे केवळ कागदावरचे सोपस्कार आहेत का? एक उदाहरण पाहा. सोयाबीनमधील पोषणमूल्य वाढावे म्हणून अमेरिकेतील एका बियाणे कंपनीने त्यात 'ब्राझील नट' या कठीण कवचाच्या फळातले जनुक घातले. ज्यांना त्या फळाची ॲलर्जी होती अशा माणसांच्या रक्तावर आणि त्वचेवर चाचणी केली, तर ॲलर्जी सोयाबीनमध्येही उतरलेली निघाली! ही गोष्ट १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. तपासणीने आपले काम चोख बजावले होते.

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. 'स्टारलिंक' नावाच्या मक्यातले नवे प्रथिन लवकर पचत नाही, अशी शंका असल्यामुळे अमेरिकेत त्याला फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी होती. पण शेत, गोदाम आणि गिरणी यांत दाणा दाण्यात मिसळतोच. २००० साली तो मका माणसांच्या खाण्याच्या पदार्थांत सापडला आणि शेकडो पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. ज्यांनी त्रास झाल्याची तक्रार केली, त्यांच्या रक्ताच्या तपासणीत या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही, हे खरे. पण 'हे जनावरांसाठी, ते माणसांसाठी' ही कागदावरची भिंत व्यवहारात किती पोकळ असते, ते सर्वांना कळून चुकले.

एकूण अनुभव काय सांगतो? अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये सुमारे ९०० संशोधनांचा आढावा घेतला. बाजारात असलेले जनुकबदल अन्न साध्या अन्नापेक्षा अधिक धोकादायक असल्याचा खात्रीलायक पुरावा तिला आढळला नाही. मात्र याचा अर्थ उद्या येणारे प्रत्येक नवे पीक आपोआप सुरक्षित, असा होत नाही. जनुक बदलले की प्रथिन बदलते, आणि प्रथिन बदलले की तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

ताटात काय येते, हेही पाहा

एकाच पिकाचा धोका प्रत्येक घरात सारखा नसतो. पुन्हा आपल्या दोन स्वयंपाकघरांकडे येऊ. ॲलर्जीचा प्रश्न प्रथिनाशी निगडित असतो. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. कच्च्या घाणीच्या तेलात अत्यल्प अंश राहू शकतो. फोडणीतला दाणा मात्र आपण अख्खा खातो, आणि तळमजल्यावरची मुले तर मोहरीचा पाला वाटीवाटीने खातात. म्हणून 'मोहरीच्या तेलात काही नसते' एवढ्यावर तपासणी संपत नाही. दाणा, पाला आणि जनावरांना घातली जाणारी पेंड यांचाही विचार करावा लागतो.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. विदर्भ-मराठवाड्यात आज बहुतेक कापूस तोच आहे. कापसाच्या सरकीचे तेल काढतात आणि सरकीची पेंड दुभत्या जनावरांपुढे जाते. परदेशातून येणारे सोयाबीन तेलही मोठ्या प्रमाणावर जनुकबदल सोयाबीनचे असते. म्हणजे आपण 'तसले' काही खात नाही, ही आपली समजूतच आहे! दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने २०१८ मध्ये बाजारातले ६५ खाद्यपदार्थ तपासले. त्यांपैकी २१ पदार्थांत जनुकबदल घटक सापडले. त्यांत आयात मालाचा भरणा अधिक होता आणि आपल्याकडचे सरकीचे तेलही होते. कित्येकांच्या वेष्टनावर तसा उल्लेखच नव्हता.

जालन्याचे वांगे

तपासणी करूनही लोकांचे समाधान का होत नाही, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातल्या वांग्याची कथा आठवावी. जालन्याच्या महिको कंपनीने शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला दाद न देणारे बीटी वांगे तयार केले. या अळीसाठी शेतकरी हंगामात कित्येकदा फवारणी करतो, आणि ते विष आपल्याच भाजीत उतरते. तेव्हा हेतू वाईट नव्हता. बीटी प्रथिन अळीच्या पोटात काम करते. माणसाच्या आम्लयुक्त जठरात ते पचून जाते, असे चाचण्यांत दिसले. उंदीर, ससे, शेळ्या, गायी, कोंबड्या आणि मासे यांच्यावर प्रयोग झाले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने वांग्याला हिरवा कंदील दाखवला.

पण चाचण्यांचा खर्च आणि आयोजन कंपनीचेच होते. त्यांचे मूळ आकडे लोकांसमोर आले तेही माहिती अधिकाराखालचा झगडा आणि न्यायालयाचा हस्तक्षेप यांनंतर. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांतली एक नागपूरला झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक, सगळे बोलले, भांडलेही. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी वांग्याला बेमुदत स्थगिती दिली. स्वतंत्र तपासणी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. वांग्याच्या असंख्य देशी जाती आपल्या भूमीत आहेत, हेही त्यांनी ध्यानात घेतले.

यानंतर जे घडले ते अधिकच बोलके आहे. देशातील सहा नामवंत विज्ञान अकादमींनी सप्टेंबर २०१० मध्ये वांग्याच्या बाजूने अहवाल दिला. त्यातला काही मजकूर जनुकबदल पिकांचा पुरस्कार करणाऱ्या लिखाणातून जसाच्या तसा उचलल्याचे उघड झाले आणि अहवाल पुन्हा लिहावा लागला. निष्कर्ष कदाचित बरोबर असेलही. पण शिक्षकानेच नक्कल केली तर विद्यार्थ्याने कोणाकडे पाहायचे? शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये याच वांग्याला परवानगी दिली आणि २०१४ पासून ते तेथील शेतांत उभे राहिले.

कागद कोणी पाहायचे?

मोहरीच्या बाबतीत हाच पाढा पुन्हा वाचला गेला. २०१६ मध्ये तपासणीच्या अहवालाचा गोषवारा लोकांच्या सूचनांसाठी ३० दिवस खुला ठेवला. संपूर्ण कागदपत्रे पाहायची असतील त्याने मात्र दिल्लीला मंत्रालयात येऊन वाचायची! आर. के. पुरममधल्या माणसाला ते बसने जमले असते. पण अकोल्याच्या शेतकऱ्याने किंवा सांगलीच्या डॉक्टरने काय करावे?

ऑक्टोबर २०२२ मध्ये समितीने आणि पाठोपाठ मंत्रालयाने मोहरीला परवानगी दिली. शेतकऱ्याने आपल्या शेतात त्या पिकावर तणनाशक वापरायचे नाही, अशी अट घातली. ही अट गावोगावी पाळली जाते की नाही, हे कोण पाहणार, असा प्रश्न साहजिकच आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी परवानगी रद्द ठरवली, तर न्या. संजय करोल यांनी ती काटेकोर अटींसह योग्य मानली. त्यामुळे वाद मोठ्या पीठाकडे गेला. पण दोन गोष्टींवर दोघांचे एकमत झाले. केंद्राने सर्वांशी बोलून जनुकबदल पिकांविषयी राष्ट्रीय धोरण आखावे. आणि आयात होणाऱ्या जनुकबदल खाद्यतेलाच्या बाबतीत वेष्टन व लेबलाचा कायदा पाळला जावा.

निर्णय लांबला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१९ मध्ये हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात बेकायदा बीटी वांगे उभे असल्याचे उघडकीस आले. त्याच वर्षी जून महिन्यात अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. नवे तंत्र शेतकऱ्याला हवे असते आणि ग्राहकाला त्याची धास्ती असते. दोघांचा विश्वास बसेल अशी तपासणी नसेल, तर शेवटी बिनतपासणीचे बियाणेच शेतात येते.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक?

दिल्लीकरांना मोहरीचा आणखी एक जुना घाव आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये शहरात अचानक पाय सुजणे, धाप लागणे अशा तक्रारी घेऊन माणसे रुग्णालयांत येऊ लागली. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले होते. साठहून अधिक माणसे दगावली, हजारो आजारी पडली. तिथे कोणतेही जनुक बदललेले नव्हते. धोतरा अगदी नैसर्गिक, रानात उगवणारा! त्याचे दाणेही मोहरीसारखेच दिसतात.

या घटनेचा धडा जनुकांच्या वादालाही लागू पडतो. 'नैसर्गिक' हा शब्द सुरक्षिततेची हमी देत नाही, तसाच 'वैज्ञानिक' हा शब्दही देत नाही. हमी देते ती तपासणी. आणि तपासणीची हमी तेव्हाच मिळते, जेव्हा तिचे कागद कोणालाही उघडून पाहता येतात.

आपण काय करावे?

घाबरून जाऊ नये आणि डोळे मिटूनही बसू नये. पॅकबंद खाद्यपदार्थात जनुकबदल घटक असतील तर वेष्टनावर ठळकपणे 'जीएम' छापावे, असा नियम १ जानेवारी २०१३ पासून आहे. २०२१ पासून आयात होणाऱ्या २४ पिकांच्या मालासोबत ते जनुकबदल नसल्याचे प्रमाणपत्र लागते, त्यात एक टक्क्यापर्यंत चुकून झालेली मिसळ चालते. वाणसामान घेताना किमतीबरोबर वेष्टनावरचा मजकूरही वाचावा. घरात कोणाला अन्नाची ॲलर्जी असेल तर कोणत्या पदार्थाने त्रास होतो याची नोंद ठेवावी, कारण अशा नोंदी डॉक्टरांनाही उपयोगी पडतात.

आणि उद्या कोणतेही नवे पीक आले, मोहरी असो, वांगे असो की तांदूळ, तर हे पाच प्रश्न जरूर विचारावेत:

१. कोणते जनुक घातले आणि ते कोठून आणले?
२. आपण त्या पिकाचा जो भाग खातो, दाणा, पाला, फळ किंवा तेल, त्याचीच तपासणी झाली का?
३. तपासणी कोणी केली आणि तिचा खर्च कोणी उचलला?
४. सगळे कागद सामान्य माणसाला, त्याच्या भाषेत, घरबसल्या पाहता येतात का?
५. काही बिघडलेच तर माल परत मागवण्याची आणि भरपाईची जबाबदारी कोणाची?

या पाचांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर ते पीक केवळ प्रयोगशाळेत तयार झाले म्हणून नाकारण्याचे कारण नाही. ती मिळाली नाहीत, तर केवळ शास्त्रज्ञ सांगतात म्हणून स्वीकारण्याचेही नाही.

त्या संध्याकाळी काकूंनी सुनेची वाटी भरून दिली. ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "पण काकू, ती मोहरी खरंच आली तर घ्यायची का?"

"आधी पुड्यावर काय लिहिलंय ते वाचायचं," काकू म्हणाल्या, "आणि काहीच लिहिलं नसेल, तर दुकानदाराला विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत पुडा त्याच्याच फळीवर राहू दे."